नव्यानं बांधलेलं इंजिन टिकटिकतं का?

जुन्या फियाटचं इंजिन पार खोललं जातं. ब्लॉकचं बोअरिंग होतं, नवे पिस्टन आणि रिंगा बसतात, क्रँक घासून नवी बेअरिंग टाकली जातात, हेडचं फेसिंग होतं, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटा घासून जुळवल्या जातात. गाडी घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या सोसायटीत परत येते, आणि पहिल्याच सकाळी बॉनेटखालून एकसारखी टिकटिक ऐकू येते. एवढा खर्च करून आवाज वाढलाच कसा? काम काढण्याआधी तर तो नव्हता.

बहुतेक वेळा तो तेव्हाही होता. झिजलेल्या पिस्टनची खडखड, सैल बेअरिंगांचा घुमणारा नाद आणि सायलेन्सरच्या जोडातून निसटणारा वायू यांच्या गोंगाटात तो बुडालेला होता. इंजिनाचा खालचा भाग नीट बांधला की तो शांत होतो आणि वरच्या भागाचा आवाज एकटा उरतो. पण काही वेळा ही टिकटिक खरोखरच नवी असते आणि इंजिन बांधतानाच्याच एखाद्या गोष्टीतून आलेली असते. या दोन्हींतला फरक ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. कान, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), लांब स्क्रू-ड्रायव्हर आणि धीर एवढं पुरतं. मात्र इंजिनाच्या आत काय चाललंय ते समजलेलं असायला हवं.

कुर्ल्यात घडलेलं इंजिन

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली गाडी बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली, आणि १९७४ पासून हीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावानं विकली जाऊ लागली. ज्या लालबहादूर शास्त्री मार्गावर हा कारखाना होता, तोच रस्ता पुढे घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करत मुलुंडला जातो. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी दिवसरात्र धावायची, त्यामुळे तिच्या इंजिनाचा आवाज ओळखणारे मेकॅनिक उपनगरांत ठिकठिकाणी होते.

शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. रोज आठ-दहा पद्मिनींचे टॅपेट लावणारा हातही तिच्याबरोबर दुर्मीळ होत चालला आहे, आणि मला ही गोष्ट गाडी जाण्याहून अधिक लागते. गाडी जपून ठेवता येते. ऐकून ओळखण्याची विद्या मात्र कोणी शिकवल्याशिवाय आणि कोणी शिकल्याशिवाय टिकत नाही.

या विद्येची गरज आता वेगळ्या माणसांना आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नवी नोंदणी २०,००० रुपयांना, पुनर्नोंदणी ५,००० रुपयांना होते आणि ती दहा वर्षं चालते. वाहन मूळ रूपात असावं, त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयाच्या झाल्या आहेत. म्हणून त्यांचं मूळ १०८९ सीसीचं इंजिन पुन्हा बांधून चालतं ठेवणं याला महत्त्व आलं आहे.

फट मुद्दाम ठेवलेली असते

या इंजिनात चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येक सिलिंडरला एक व्हॉल्व्ह पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणारा (इनलेट) आणि एक जळालेला वायू बाहेर सोडणारा (एक्झॉस्ट). व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, पण त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. कॅमशाफ्टवर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक उंचवटा असतो. हा उंचवटा फिरत आला की त्याच्यावर बसलेला टॅपेट वर उचलला जातो. टॅपेट पुशरॉड नावाच्या लांब सळीला ढकलतो आणि सळी रॉकरचं एक टोक वर रेटते. रॉकर मधोमध एका शाफ्टवर झुलतो, म्हणून त्याचं दुसरं टोक खाली येतं आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाब देऊन तो उघडतं. उंचवटा सरला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत बंद करते.

व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात एक बारीक फट असते. गॅरेजमध्ये ‘टॅपेट लावले’ म्हणतात ते ही फट बेतणं. तिची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी असते. कारण उष्णता. गरम झालेला धातू वाढतो, आणि वाढायला जागा नसेल तर व्हॉल्व्ह बंद होऊनही पूर्ण टेकत नाही. आगगाडीच्या जुन्या रुळांच्या जोडात उन्हाळ्यासाठी जागा सोडलेली असायची आणि त्या जोडांवरूनच डब्याखाली ठराविक ठेका उमटायचा, तसंच हे आहे. जागा सोडली की ठेका आलाच.

मग थोडासा ठेका आणि कानात घुसणारी टिकटिक यांत फरक कशामुळे पडतो? कॅमचा उंचवटा एकदम सुरू होत नाही. त्याच्या आधी आणि नंतर एक अगदी सौम्य चढउतार घडवलेला असतो. फट बरोबर असेल तर ती या सौम्य चढावरच भरून निघते आणि रॉकर दांड्याला हळू टेकतो. फट जास्त असेल तर सौम्य चढ संपून खडा चढ सुरू झाल्यावर रॉकर दांड्यावर आदळतो. बंद होतानाही व्हॉल्व्ह तसाच जोरानं सीटवर पडतो. म्हणून फट केसाएवढी वाढली तरी आवाज कितीतरी पटींनी वाढल्यासारखा वाटतो.

किती आवाज साहजिक मानायचा हे त्या त्या इंजिनावर ठरतं. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमधल्या हरिकेन इंजिनात इनलेटची फट ०.०१८ इंच, म्हणजे जवळजवळ ०.४६ मिलिमीटर ठेवायची असते. ती जीप वाजणारच. आजच्या अनेक गाड्यांत ही फट तेलाच्या दाबानं आपोआप भरणारी रचना असते, त्यामुळे आपल्या कानांना संपूर्ण शांततेची सवय झाली आहे. पन्नास वर्षांच्या इंजिनाकडून ती मागू नये.

गप्प व्हॉल्व्हची काळजी जास्त

मालक कुरकुरला की काही जण फट कमी करून आवाज बंद करतात. हा सर्वांत वाईट उपाय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जोरात चालणाऱ्या इंजिनात ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. त्याची बरीचशी उष्णता तो बंद होऊन सीटला टेकतो तेवढ्याच क्षणांत हेडमध्ये उतरते. फट नसेल तर तो नीट टेकत नाही, उष्णता उतरत नाही, कडेनं जळता वायू निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड करपते. इंजिन शांत असतं, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन जात असतं.

नव्यानं बांधलेल्या इंजिनात फट आपोआप कमी होण्याची दोन कारणं हाताशीच असतात. पहिल्या काही दिवसांत हेड गॅस्केट दबतं. मग हेडचे बोल्ट पुन्हा कसले की हेड किंचित खाली येतं, त्याच्याबरोबर रॉकर शाफ्टही, आणि पुशरॉडची लांबी मात्र तेवढीच राहते. दुसरं, नव्यानं घासलेले व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडे आणखी बसतात आणि त्यांचे दांडे वर सरकतात. म्हणून हेडचा पहिला कस झाल्यावर सगळ्या फटी पुन्हा मोजाव्यातच, आवाज येवो वा न येवो.

ज्या जुन्या इंजिनांचं हेड बिडाचं आहे आणि सीटा त्याच बिडात कोरलेल्या आहेत, त्यांत आणखी एक गोष्ट घडते. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. शिशाचा जो पातळ थर सीटचं रक्षण करायचा तो गेला, आणि मऊ सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुतू लागला. अशा वेळीही फट कमीच होते. काम काढलेलंच आहे तर कठीण धातूच्या सीटा बसवून घ्याव्यात.

फियाटच्या इंजिनात हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा आहे, त्यामुळे इथे एक उलटी गोष्ट दिसते. १०० मिलिमीटर लांबीचं बीड ७० अंशांनी तापलं तर सुमारे ०.०८ मिलिमीटर वाढतं आणि तेवढंच अॅल्युमिनियम ०.१६ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट. हेड वर वाढतं, रॉकर शाफ्टला वर घेऊन जातं, पण पोलादी पुशरॉड तेवढी वाढत नाही. त्यामुळे थंड असताना शांत असलेलं इंजिन गरम झाल्यावर जरा जास्त वाजू लागतं. हा दोष नाही. फट थंड इंजिनात मोजायची की गरम, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं ते याचसाठी. थंड म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं इंजिन. अंधेरीहून बोरिवलीला आल्यावर चहा पिईपर्यंत थांबलेलं इंजिन थंड नव्हे.

आधी आवाजाचा वेग

क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर संथ चालत असेल तर क्रँक सेकंदाला तेरा वेळा फिरतो आणि एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला साडेसहा वेळा उघडतो. एकच व्हॉल्व्ह सैल असेल तर टिकटिक क्रँकच्या निम्म्या वेगानं येते.

हे कानानं मोजणं कठीण, पण टायमिंग लाइट असेल तर काम सोपं होतं. हा दिवा एक नंबरच्या प्लगच्या वायरवर लावला की तो प्लग पेटतो तेव्हाच चमकतो, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा. दिव्याकडे पाहत आवाज ऐकावा. एका चमकेला एक टिक पडत असेल तर संशय वरच्या भागावर. एका चमकेला दोन ठोके पडत असतील तर क्रँकच्या वेगानं हलणारं काहीतरी वाजतंय. फक्त दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी सैल असतील तर हा हिशोब फसू शकतो.

पुढची पायरी लांब स्क्रू-ड्रायव्हर. मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि टोक टॅपेट कव्हरवर, मग ब्लॉकवर, मग पुढच्या टायमिंग चेनच्या कव्हरवर ठेवत जायचं. जिथे आवाज सर्वांत टोकदार, तिथून तो जवळ. हे करताना फॅन आणि बेल्ट फिरत असतात, म्हणून सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी लांब ठेवावी.

टॅपेटसारखा वाजणारा, पण टॅपेट नसलेला

निम्म्या वेगाची टिकटिक म्हणजे टॅपेटच, असं मात्र नाही. पेट्रोल वर खेचणारा यांत्रिक पंपही कॅमशाफ्टवरच चालतो. त्याच्या दांड्याचा खिळा झिजला की तो हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. त्याच्या अंगावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की लगेच कळतं, आणि तरीही कितीतरी गाड्यांचं टॅपेट कव्हर आधी उघडलं जातं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट नीट बसलेलं नसेल तर प्रत्येक स्फोटानंतर थोडा वायू फटकन बाहेर पडतो. हा आवाज सकाळी थंड इंजिनात जास्त असतो आणि मॅनिफोल्ड तापून फुगलं की कमी होतो, म्हणजे वर सांगितलेल्या अॅल्युमिनियम हेडच्या बरोबर उलट. थंड इंजिन सुरू करून जोडाभोवती साबणाचं पाणी सोडलं की बुडबुडे जागा दाखवतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर ही फटफट वाढते.

पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉडचा आवाज वेगळा काढायला आणखी एक चाचणी आहे. इन्सुलेटेड पकडीनं एकेका प्लगची वायर क्षणभर अर्थ करून ते सिलिंडर बंद पाडायचं. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही, म्हणून पिस्टन आणि बेअरिंगवरचा भार उतरतो आणि त्यांचा आवाज बदलतो किंवा थांबतो. मॅनिफोल्डची गळतीही मंदावते. टॅपेटला मात्र काही फरक पडत नाही, कारण कॅम तसाच फिरत असतो. खोल, जड ठोका असेल आणि तो या चाचणीत बदलत असेल तर इंजिन तिथेच बंद करावं आणि आधी तेलाचा दाब तपासावा.

कव्हर उघडल्यावर

आता टॅपेट कव्हर काढून इंजिन संथ चालू ठेवायचं. पहिली नजर तेलाकडे. तेल ब्लॉक आणि हेडमधल्या बारीक मार्गानं रॉकर शाफ्टमध्ये चढतं आणि प्रत्येक रॉकरखालच्या भोकातून झिरपतं. जुन्या इंजिनात ते कारंज्यासारखं उडत नाही, नुसतं ओलं होत राहतं. मिनिट-दोन मिनिटांनीही एखादा रॉकर कोरडा असेल तर इंजिन थांबवायचं. नव्यानं बांधलेल्या इंजिनात हा दोष मी सर्वांत गंभीर मानतो. रॉकर शाफ्ट उलटा बसून भोकं वर गेलेली असतात, हेड गॅस्केट चुकीच्या बाजूनं बसून तेलाचा मार्ग झाकलेला असतो, गॅस्केटला लावलेलं सिलिकॉन दाबून आत गेलेलं असतं, किंवा बोअरिंगचा कीस मार्गात अडकलेला असतो. यांतलं काहीही फट लावून सुटत नाही.

तेल ठीक असेल तर चालू इंजिनातच रॉकर आणि दांडा यांच्यामध्ये फिलर गेजची पट्टी अलगद सरकवत जायचं. ज्या व्हॉल्व्हवर पट्टी जाताच टिकटिक थांबते तो सापडला. मग इंजिन बंद करून, थंड झाल्यावर मोजायचं.

आठ व्हॉल्व्ह मोजताना कोणता पूर्ण बंद आहे हे कसं कळणार? जुने मेकॅनिक नऊचा हिशोब वापरतात. पुढून मोजत व्हॉल्व्हना एक ते आठ नंबर द्यायचे. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल त्याचा नंबर नऊमधून वजा करायचा, आणि जो येईल त्याची फट लावायची. एक उघडा तर आठ, तीन उघडा तर सहा. १-३-४-२ या क्रमानं पेटणाऱ्या आणि दोन्ही बाजूंना सारखी मांडणी असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात हा हिशोब चुकत नाही.

गेज बरोबर सांगत असूनही आवाज येत असेल तर रॉकरचं टोक पाहा. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून तिथे उथळ खळगा पडतो. सपाट पट्टी खळग्याच्या कडांवर टेकते, मधल्या पोकळीत शिरत नाही. गेज ०.१५ म्हणतं, पण खरी फट त्याहून बरीच मोठी असते. बांधताना खर्च वाचवायला जुने रॉकर तसेच बसवले असतील तर ही शक्यता सर्वांत आधी धरावी. टोक घासून सारखं करावं किंवा रॉकर बदलावा.

पुशरॉड काढून जाड काचेवर लोळवून बघावी. वाकलेली लगेच डुलते. ती वाकण्यामागे बहुधा अडकलेला व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नव्या गाइडमध्ये तो फार घट्ट बसला असेल तर तो तापल्यावर अडकतो आणि आवाज अधूनमधून येतो. मुंबईच्या पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत दमट, खाऱ्या हवेनं दांड्यावर गंज चढतो आणि तोच प्रकार होतो. पावसाळ्यातही दर आठवड्याला इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवलं तर हे टळतं.

*चौकट : आवाज काय सांगतो?*
*थंडपणी जास्त, तापल्यावर कमी – मॅनिफोल्डची गळती किंवा पिस्टन.*
*तापल्यावर थोडा जास्त – अॅल्युमिनियम हेडमध्ये साहजिक. फार वाढला तर फट तपासा.*
*अधूनमधून, तापल्यावरच – व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतोय.*
*पुढच्या बाजूनं खळखळ – सैल टायमिंग चेन.*
*पट्टी सरकवताच थांबणारा – तोच व्हॉल्व्ह.*
*आवाज अचानक नाहीसा झाला – फट संपली असू शकते, लगेच मोजा.*

फट लावली, आवाज परत आला

आज लावलेली फट शे-दोनशे किलोमीटरमध्ये पुन्हा वाढली असेल आणि तीही दर वेळी त्याच व्हॉल्व्हची, तर कॅमचा उंचवटा झिजतोय. हे नव्यानं बांधलेल्या इंजिनातच जास्त का होतं, तर कॅम आणि टॅपेट एकमेकांना घासून जुळतात ते पहिल्या वीस-तीस मिनिटांत. टॅपेटचा तळ आणि कॅम यांच्यातला स्पर्श अगदी अरुंद असतो आणि स्प्रिंगचा सगळा दाब त्या रेषेवर येतो. त्या वेळी इंजिन संथ चालत ठेवलं तर क्रँक पुरेसं तेल उडवत नाही आणि उंचवट्याच्या शेंड्यावर दाबही जास्त पडतो. म्हणून पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन लगेच दीड-दोन हजार फेऱ्यांवर न्यावं आणि तिथेच थोडं वर-खाली करत राहावं. बांधताना कॅमवर घट्ट असेम्ब्ली पेस्ट लावावी. आजच्या पेट्रोल गाड्यांसाठीच्या बऱ्याच तेलांत, सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरला जपण्यासाठी, जस्त-फॉस्फरसचं झीजरोधक संयुग कमी केलेलं असतं. जुन्या इंजिनासाठी ते पुरेसं असलेलं तेल मागून घ्यावं.

घासलेल्या जुन्या कॅमवर नवे टॅपेट, किंवा जुने टॅपेट जागा बदलून बसवणं, हेही याचं नेहमीचं कारण. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात सुटे भाग मिळतात, पण बिननावाच्या पुडीतल्या टॅपेटचा तळ किती कठीण केलेला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. जुन्या टॅपेटच्या तळावर कानस हलकेच ओढून पाहावी, मग नव्यावर. नव्यावर ती रुतत असेल तर तो भाग परत करावा.

खात्री करायला डायल गेज लागतं, आणि लेथवाल्याकडे ते असतंच. पुशरॉडच्या वरच्या टोकावर ते उभं करून इंजिन हातानं पूर्ण फिरवावं, आणि प्रत्येक पुशरॉड किती वर उचलली जाते ते लिहून घ्यावं. चारही इनलेटचे आकडे एकमेकांशी जुळायला हवेत, चारही एक्झॉस्टचेही. त्यांत एखादा कमी आला तर तेल काढून ते पांढऱ्या फडक्यातून गाळून बघावं. चकाकणारी पूड दिसली तर गाडी आणखी एक किलोमीटरही चालवू नये. कॅमशाफ्ट आणि टॅपेटचा पूर्ण संच एकत्र बदलावा, तळाचा तेलाचा संप उतरवून धुवावा, तेलाचे मार्ग हवेनं साफ करावेत आणि बेअरिंग उघडून पाहावीत, कारण ती पूड नव्या बेअरिंगच्या मऊ धातूत रुतून बसलेली असू शकते.